‘जारक करीबक’: दोन पट्ट्यांमधला सूर जागेवर ठेवणारी प्रेमगीतं

गाण्यात ज्यांना सूर आधी ऐकू येतो आणि शब्द मागाहून, त्यांनी ‘जारक करीबक’ हा अल्बम जरूर ऐकावा. जुन्या अरबी प्रेमगीतांवर नव्यानं केलेलं इतकं जपून काम माझ्या कानावर दुसरं आलेलं नाही. मी सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात पेट्या दुरुस्त करतो. सूर चढलाय की उतरलाय, एवढंच दिवसभर ऐकत बसायचं काम. त्यामुळं हे परीक्षण त्याच बाजूनं येणार, हे आधीच सांगतो.

अल्बम ९ जून २०२३ ला लंडनच्या ‘वर्ल्ड सर्किट’ कंपनीनं काढला. करणारे दोघे. दुदू तासा हा इस्रायलमधला गायक आणि गिटारवादक, घराणं मूळचं इराकी ज्यूंचं. जॉनी ग्रीनवुड हा इंग्लंडच्या रेडिओहेड बँडचा गिटारवाला. आपल्याकडच्या काही लोकांना ग्रीनवुड ‘जुनून’मुळं माहीत असेल. २०१५ साली आलेला तो अल्बम जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात, राजस्थानी वादक, कव्वाल आणि ब्रास बँडवाल्यांना घेऊन केला होता. ‘जारक करीबक’चं काम तेल अवीव आणि ऑक्सफर्डकडं झालं, शेवटचं मिक्सिंग रेडिओहेडचे निर्माते नायजेल गॉडरिच यांनी केलं. नावाचा अर्थ साधारण ‘शेजारी तोच आपला सखा’. नऊ गाणी आहेत.

वालचंद कॉलेजातला एक मुलगा पेटीचा भाता बदलायला आला होता, त्यानं मला हे पहिल्यांदा ऐकवलं. फोनवर गाणं लावून म्हणाला, “काका, ही बाई बेसूर गातीय का मला कळेना झालंय, तुम्ही सांगा.” बाई अजिबात बेसूर नव्हती. पण त्याला तसं का वाटलं हे सांगायला मला अर्धा तास लागला, आणि या अल्बमची खरी कमाई त्या अर्ध्या तासातच आहे.

आपल्या पेटीवर सा ते वरचा सा बारा पट्ट्या. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार एकमेकांना लागून, मध्ये काही नाही. अरबी संगीतात रास्त नावाचा मकाम आहे (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखा), त्यातला गंधार या दोघांच्या मधोमध कुठंतरी उभा असतो. बयाती मकामात रिषभाची तीच तऱ्हा. बरं, हे मधले सूर सगळीकडं एकाच जागी असतात असंही नाही. तोच सूर इस्तंबूलकडं थोडा चढा लावतात, कैरोकडं त्याहून उतरता. पेटीवर वाढलेल्या कानाला असा सूर आला की वाटतं, गाणाऱ्याचा हात सुटला. या अल्बममध्ये असे सूर वारंवार येतात, आणि एकदाही त्यांना ओढून जवळच्या पट्टीवर बसवलेलं नाही.

मला हे ताडून बघायचं होतं. दुकानात एक जुनी सिंगल लाइनची पेटी पडून होती, तिचा गंधाराचा सूर बाहेर काढला. पेटीत आवाज देणाऱ्या पितळी पट्टीलाही आम्ही सूरच म्हणतो. पितळी जिभेखाली पातळ पत्रा सरकवला आणि मुळाशी अगदी हलक्या हातानं खरवडायला लागलो. मुळाशी पितळ कमी झालं की जीभ सैल होते आणि सूर उतरतो. टोकाशी खरवडलं तर उलट चढतो. जरासं खरवडायचं, सूर परत बसवायचा, भाता हलवायचा, गाण्यातली तीच ओळ लावायची, ऐकायचं. दोन सूर जुळलेले नसले की कानात एक थरथर येते. ते जवळ येतील तशी ती संथ होत जाते. एका जागी ती जवळपास थांबली. मग शेजारच्या शाबूत पेटीवर बघितलं, तर तो सूर कोमलपासून बराच वर आणि शुद्धपासून बराच खाली. गाणारीनं प्रत्येक वेळी तो त्याच जागी लावला होता, केसभरही न हलता. सूर चुकणाऱ्याचा गळा असा एका जागी परत परत येत नाही.

आता यात ग्रीनवुडचं काम काय, हे बघितलं पाहिजे. गिटारच्या दांड्यावरचे पडदे पक्के ठोकलेले असतात, तिथंही बाराच सूर. शिवाय पाश्चात्त्य कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन सूर, मेजर की मायनर हे ठरतं गंधारावर. गंधारच दोन्हींच्या मध्ये असेल तर कुठलीही कॉर्ड धरा, ती गाणाऱ्याशी भांडणारच. अरबी किंवा आपली गाणी ‘फ्यूजन’ करायला घेतलेल्या लोकांनी इथंच घाण केलेली मी ऐकलीय. कीबोर्डवाला तीन बोटांची कॉर्ड दाबतो आणि गायकाला तिच्यामागं फरपटत जावं लागतं. इथं तसं होत नाही. बेस बऱ्याचदा आधाराच्या सुरांवर राहतो, गिटार आणि सिंथेसायझर छोट्या छोट्या वाक्यांत बोलून बाजूला होतात, ठेका ड्रम मशीनकडं. मधला सूर गळ्यासाठी, व्हायोलिनसाठी आणि कानूनसाठी मोकळा ठेवलेला. कानून म्हणजे मांडीवर किंवा टेबलावर आडवं ठेवून वाजवायचं तंतुवाद्य. त्याच्या तारांखाली डाव्या हाताला बारीक पितळी खिट्ट्या असतात, वाजवता वाजवता त्या उचलून सूर कणभर चढवता-उतरवता येतो. असं काही पेटीत असतं तर आमचं अर्धं आयुष्य सोपं झालं असतं.

आणि हे मी सांगलीतून बोलतोय म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. पेटीत मधले सूर बसवायचा खटाटोप याच गावात झालाय. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर इथं राहायचे. त्यांनी १९१० साली सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे बारीक सुरांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्या श्रुती गळ्यातून काढून दाखवायला अब्दुल करीम खाँसाहेब होते. देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी मिळून श्रुतिपेटी लंडनहून बनवून घेतली, आणि १९१६ मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली तेव्हा तिच्यावरून चांगलाच वाद झाला. नेमका तोच प्रश्न १९३२ साली कैरोत भरलेल्या अरबी संगीत परिषदेपुढं आला. राजा फुआद यांच्या आश्रयाखाली भरलेल्या त्या परिषदेला बार्टोक आणि हिंडेमिटसारखे युरोपीय संगीतकारही आले होते. सप्तकाचे चोवीस सारखे भाग करायचे का, पाव सुरांचा पियानो अरबी संगीताला चालेल का, यावर तिथं खल झाला. दोन्हीकडं अडचण एकच: सूर गळ्यात ज्या जागी राहतो, ती जागा यंत्रात एकदा ठोकली की ती तिथंच राहते, गाणारा मात्र रागाप्रमाणं हलत असतो. मला वाटतं, ‘जारक करीबक’नं या जुन्या भांडणातून चांगली वाट काढलीय. यंत्रानं ठेका धरावा, सूर धरायला जाऊ नये.

अल्बमची दुसरी खुबी गायकांच्या निवडीत आहे. प्रत्येक गायकाला दुसऱ्या देशाचं गाणं दिलंय. कैरोचा अहमद दोमा, पॅलेस्टाइनमधल्या रामल्लाची नूर फ्रेतेख, बगदादचा कर्रार अलसादी, शिवाय सफाए एसाफी, मोहसीन सलाहेद्दीन, रशीद अल नज्जार, लिन ए. यांपैकी कुणीही आपल्या घरचं गाणं गात नाही. अरबी एकच असली तरी बगदादची बोली आणि मोरोक्कोची बोली यांत इतकं अंतर आहे की बोलताना एकमेकांचं समजायला जड जातं. त्यामुळं गाताना प्रत्येकाचा मूळ उच्चार कुठं ना कुठं डोकावतो. मला भाषा कळत नाही, पण गळ्यांची वळणं वेगळी आहेत एवढं नक्की कळतं. ‘या मुगीर अल-गझाला’मध्ये कर्रार अलसादीचा भरदार आवाज प्रत्येक शब्दाला वजन देत जातो, आणि त्याच्या लगोलग ‘अहिबक’मध्ये सफाए एसाफीचा आवाज सगळा हवेवर सोडलेला. हे दोन गळे एका तबकडीत शेजारी आल्यानं दोघांचंही भलं झालंय.

याला परकेपणा म्हणणाऱ्यांनी मिरजेच्या खाँसाहेबांची तबकडी परत काढून ऐकावी. अब्दुल करीम खाँ उत्तरेत कैरान्याला जन्मले, मिरजेत राहिले आणि १९३७ साली गेल्यावर ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारातच विसावले. त्यांनी ‘मानापमान’मधली ‘चंद्रिका ही जणू’ आणि ‘प्रेमसेवा शरण’ ही पदं गायली. उच्चार मराठी माणसाचे नाहीत, हे पहिल्या ओळीलाच कळतं. पण ‘प्रेमसेवा शरण’ या प्रेमाच्या पदात त्यांनी ‘शरण’वर जो सूर ठेवलाय, त्यातली आर्जव मला मराठी नटांच्या गाण्यातून तितकी लागत नाही. ‘चंद्रिका’ची तर चालच आरभीतली, म्हणजे दक्षिणेतून आलेली. गोविंदराव टेंब्यांनी चाल बांधली, खाडिलकरांनी शब्द लिहिले, कैरान्याचे खाँसाहेब गायले, आणि आज आपण ते हक्कानं आपलं म्हणतो. दर्ग्यातल्या उरुसाला दरवर्षी गाणी होतात तिथंही कुठल्या मुलखाचा गवई कुठल्या भाषेतलं गातोय याची वर्गवारी कुणी करत बसत नाही. प्रेमाचं गाणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं की त्याचं नुकसान होत नाही, उलट त्याला आणखी एक घर मिळतं. नऊ गाण्यांमधून हीच गोष्ट इतक्या प्रेमानं मांडल्याबद्दल मला या दोघांविषयी मनापासून आदर वाटतो.

दुदू तासाच्या घरची हकिगत कळल्यावर दुसऱ्या देशाचं गाणं गायचा हा नियम त्यानं का लावला असेल याचा अंदाज येतो. त्याचे आजोबा दाऊद आणि आजोबांचे थोरले भाऊ सालेह, दोघेही ‘अल-कुवैती’ म्हणून ओळखले जात. जन्म कुवेतचा, नाव बगदादला झालं. सालेह व्हायोलिन वाजवायचे आणि चाली बांधायचे, दाऊद ऊद हे तंतुवाद्य वाजवायचे आणि गायचे. १९३६ साली बगदाद रेडिओ सुरू झाला, तेव्हा तिथला वाद्यवृंद उभा करण्यात या भावांचा मोठा हात होता. सलीमा मुरादसारख्या गायिकेसाठी सालेह यांनी चाली दिल्या, आणि इजिप्तच्या विख्यात गायिका उम्म कुलसूम बगदादला आल्या तेव्हा त्यांनीही सालेह यांचं एक गाणं उचललं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इराकमधल्या बहुतेक ज्यूंबरोबर हे भाऊही इस्रायलला गेले. तिथं अरबी गाण्याला मान नव्हता. बगदादच्या रेडिओवर वाजवलेल्या माणसांनी तेल अवीवच्या बाजारात भांडीकुंडी विकून पोट भरलं. इकडं इराकमध्ये सद्दामच्या काळात त्यांची नावं गाळली गेली आणि गाणी ‘पारंपरिक’ म्हणून वाजत राहिली. नातवानं २०११ पासून आजोबांची गाणी नव्यानं गायला घेतली, २०१७ मध्ये अमेरिकेत रेडिओहेडच्या कार्यक्रमांआधी ती वाजवली, आणि तिथून पुढं हा अल्बम आला.

म्हणूनच एक तक्रार जरा ठासून करतो. नेटवर हा अल्बम ऐकणाऱ्याला गायकाचं नाव दिसतं, पण गाणं मुळात कुणी बांधलं, कुठल्या देशाचं, कधीचं, हे गाण्यासोबत सहज दिसत नाही. ज्या घरानं नावं पुसली जाण्याचं दुःख भोगलंय, त्या घरच्या अल्बमात प्रत्येक मूळ रचनाकाराचं नाव गाण्याच्या नावाला चिकटून यायला हवं होतं. आमच्या भजनी मंडळांतही हाच रोग आहे. चाल बांधणारा बुवा गेला की दहा वर्षांत चाल ‘पारंपरिक’ होते.

दुसरी तक्रार लांबीची. अरबी मैफलीत गायक शब्दाला धरून बसतो, एकच ओळ निरनिराळ्या वाटांनी फिरवतो, वादक मध्ये तकसीम घेतो, म्हणजे आपल्या आलापासारखं एकट्यानं मकाम उलगडत नेतो. ऐकणाऱ्याची जी तंद्री लागते ती तिथं. या अल्बमात गाणं मुखडा आणि अंतरे करून मोकळं होतं. मोहसीन सलाहेद्दीनच्या ‘लेलत हुब’मध्ये तर आवाज नुकता तापलेला असतो आणि गाणं संपत येतं. त्याच्या गळ्यात अजून बरंच शिल्लक होतं, हे ऐकू येतं. नऊपैकी निदान दोन गाणी तरी दुप्पट लांबीची हवी होती.

ठेक्याबद्दल माझं आणि माझ्या तबलजी मित्राचं जमत नाही. तो दुकानात ऐकत बसला होता. म्हणाला, “ठेका झकास आहे की ओ, पण जरासुद्धा हलत नाही. गाणारी थांबली तर ह्यानं बी थांबायला नको का?” ‘अहिबक’पुरतं त्याचं खरं आहे, तिथं मशीनचा ठोका ताठ आहे आणि आवाज मऊ. पण मला तो ताठपणाच आवडला. खाली जमीन इतकी पक्की आहे म्हणून वरचा आवाज हवा तसा मागं-पुढं रेंगाळू शकतो. ‘ताक ऊ दुब’मध्ये नूर फ्रेतेख हेच करते, ठोक्याच्या जरा मागून येऊन समेवर बरोबर भेटते. पहिलं गाणं ‘जीत निश्रब’ मात्र त्यालाही निर्विवाद पटलं, त्यात बेस आणि ठेका हातात हात घालून चालतात. एक गाणं दुदू तासा स्वतः गातो. त्याचा गळा पाहुण्यांइतका तयार नाही, पण गाण्यात माणूस उतरलाय.

या अल्बमवर लिहिताना युद्धाचा विषय टाळणं मला बरोबर वाटत नाही. अल्बम आला आणि चारच महिन्यांनी ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला, मग गाझातलं युद्ध. ग्रीनवुडनं २०२४ मध्ये तेल अवीवला तासाबरोबर वाजवलं त्यावर कडाडून टीका झाली, आणि २०२५ मध्ये ब्रिस्टल आणि लंडनला ठरलेले या दोघांचे कार्यक्रम रद्द झाले. ज्यांची घरं आणि माणसं गेली त्यांच्यापुढं गाण्याच्या चांगुलपणाचा दाखला देणं शोभत नाही, आणि ज्यांना हा अल्बम ऐकवत नाही त्यांचा राग मी समजू शकतो. पण यात रामल्लाच्या, बगदादच्या, कैरोच्या गायकांनी आपापला गळा दिलाय. त्यांचं गाणं ऐकणं म्हणजे त्यांचा मान राखणं, असं मी मानतो, आणि म्हणून ऐकतो.

घ्यायचं म्हणाल तर एलपी परदेशातून मागवावी लागते आणि महाग पडते. नेटवर सगळी गाणी आहेत, बहुतेकांना तेवढं पुरे. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, बेस सगळा नाहीसा होतो आणि मग मधले सूर खरंच लटकल्यासारखे वाटतात. साधे तारेचे हेडफोनही चालतील.

गाणं शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, हा अल्बम पोरांच्या कानावर घाला. हल्ली क्लासमध्ये मूल सा लावायला शिकतं तेच पेटीच्या पट्टीवर बोट ठेवून. त्यांना ‘ताक ऊ दुब’ किंवा ‘अहिबक’ लावून द्या. त्या वेळी पेटी बंद ठेवा. एक ओळ पुन्हा पुन्हा ऐकवा, तोंडानं म्हणून बघायला सांगा, तो मधला सूर गळ्याला सापडेपर्यंत. पेटी त्यानंतर उघडा.